वाचकांचे प्रश्न : जुन्या मोटरसायकलचा सायलेन्सर उतरवताना

पावसाळा सरला की सायलेन्सरविषयीचे प्रश्न वाढतात आणि त्यांतले बहुतेक पंधरा-वीस वर्षं जुन्या गाड्यांचे असतात. म्हणून या वेळचं सदर त्यांच्यासाठी. एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तराच्या मुळाशी ती आहे. सायलेन्सर, बेंड पाईप (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतची वाकडी नळी), गॅस्केट (जोडातली गळती रोखणारी रिंग) आणि नट दुकानात मिळतात. सिलिंडर हेडमधले, म्हणजे इंजिनाच्या माथ्यातले, आटे दुकानात मिळत नाहीत. पाना कुठे थांबवायचा हे ठरवताना नटाचा नाही, हेडचा विचार करा.

प्रश्न : माझ्याकडे १९९८ ची हीरो होंडा स्प्लेंडर आहे. सायलेन्सर बदलायचा आहे, पण इंजिनाजवळचे दोन्ही नट गंजून एकजीव झालेत. गॅरेजवाला म्हणतो, "जोर लावतो, तुटला तर बघू." घरी काढता येतील का? (सातारा)

उत्तर : येतील, पण दोन दिवस हाताशी ठेवा आणि "तुटला तर बघू" म्हणणाऱ्याला पाना लावू देऊ नका.

या गाडीचं इंजिन आडवं आहे. धूर बाहेर पडायचं तोंड हेडच्या खालच्या अंगाला, पुढच्या चाकाच्या बरोबर मागे येतं. चाकाने उडवलेलं सगळं चिखलपाणी तापलेल्या नटांवर बसतं, म्हणून हेच दोन नट गाडीत सगळ्यांत आधी गंजून पकडतात. शंभर सीसीच्या गाड्यांत इथे बहुधा ६ मिमीचे स्टड (हेडमध्ये रोवलेले बिनडोक्याचे बोल्ट) आणि १० नंबरचे नट असतात. ६ मिमीचा धडधाकट स्टड साधारण १० न्यूटन-मीटर (पिळाच्या जोराचं माप) आवळण्यासाठी असतो. २० सेंटिमीटर दांडीच्या पान्याला टोकाशी दहा किलोचा जोर दिला की तो २० न्यूटन-मीटरच्या घरात जातो. गंजाने बारीक झालेला स्टड तेवढ्यात पिळवटून तुटतो. तुटतानाही आधी थोडा फिरल्यासारखा वाटतो, आणि नट सुटला असं समजून माणूस पुढे ओढतो.

पहिल्या संध्याकाळी पाना हातात घ्यायचाच नाही. इंजिन थंड असताना तारेच्या ब्रशने नट आणि नटाबाहेर आलेले स्टडचे आटे लख्ख घासा. ही पायरी बरेच जण गाळतात. नट सैल झाला तरी त्याला बाहेरच्या गंजलेल्या आट्यांवरूनच यायचं असतं आणि तिथे अडकून तो स्टड मोडतो. नंतर गंज सोडवणारं पातळ तेल नटाच्या मुळाशी, फ्लँज (पाईप हेडवर दाबून धरणारी पट्टी) आणि नट यांच्या फटीत सोडा. साधा डब्ल्यूडी-४० चालतो, पण खास गंज सोडवण्यासाठी मिळणारं तेल जास्त आत शिरतं. नटाच्या डोक्यावर लहान हातोडीने हलके दहा-बारा ठोके द्या. ठोक्यांनी गंजाचा थर चिरतो आणि तेलाला वाट मिळते. हेच सकाळी पुन्हा करा, संध्याकाळी पुन्हा करा.

दुसऱ्या दिवशी सहा कोनांची गोटी (सॉकेट) घ्या. बारा कोनांची गोटी आणि फिक्स पाना इथे नको, दोन्ही नटाचे कोपरे गोल करतात. पाना आधी किंचित आवळण्याच्या दिशेला द्या. एक बारीक "टक्" झाली म्हणजे गंजाची पकड तुटली. मग सोडा. पाव फेरा सोडला की अर्धा पाव परत आवळा, तेल टाका, पुन्हा सोडा. नट करकरायला लागला तर थांबा आणि मागे या.

तरीही हलत नसेल तर उष्णता द्यावी लागते. आधी पेट्रोलची टाकी उतरवा, कार्बोरेटरमधलं पेट्रोल काढून टाका, नटावरचं तेल कापडाने पुसून घ्या. लहान ब्युटेन टॉर्चने ज्योत फक्त नटावर एक-दोन मिनिटं धरा. नट स्टडच्या आधी तापतो आणि फुगतो, गंजाचा थर चुरा होतो. ज्योत बाजूला केल्यावर नटाच्या मुळाला मेणबत्ती टेकवा. वितळलेलं मेण आट्यांमध्ये ओढलं जातं आणि तेलाचं काम करतं. गॅस कटिंगची ज्योत हेडजवळ आणू नका. ॲल्युमिनियम लोखंडासारखं आधी लाल होत नाही, ते साडेसहाशे अंशांच्या आतच, रंग न बदलता एकाएकी ढासळतं.

नटाचे कोपरे आधीच गेले असतील तर कानशीने दोन समोरासमोरच्या बाजू सपाट करून ९ नंबरची गोटी ठोकून बसवा. तेही जमलं नाही तर नटच बळी द्या. त्याची एक बाजू स्टडच्या दिशेने कापत, आट्यांपासून कागदभर अलीकडे थांबा आणि छिन्नीच्या एका ठोक्याने नट उकला. नट नवा मिळतो.

नटाबरोबर आख्खा स्टडच बाहेर आला तर घाबरू नका, ही चांगली गोष्ट आहे. नवा स्टड बसवा, जुना परत वापरू नका.

नट निघाल्यावर सायलेन्सर एकदम खाली पडू देऊ नये. पुढचे नट काढण्याआधीच मागच्या पायदानाजवळचा बोल्ट सैल करून ठेवा, काढू मात्र नका. सायलेन्सरखाली लाकडाचा ठोकळा द्या, पुढचे नट काढा आणि शेवटी मागचा बोल्ट. ब्रेक पॅडल आड येत असेल तर ते दाबून धरलं की जागा होते. काही गाड्यांत फ्लँजच्या आत दोन अर्धगोल कॉलर असतात. पाईप सुटताना त्या टपकतात आणि गवतात हरवल्या की काम तिथेच थांबतं, म्हणून खाली जुनं पोतं अंथरा.

प्रश्न : तेच करताना एक स्टड मोडला. हेडच्या पातळीला अगदी सपाट तुटला आहे. दुकानदाराने मोडलेला स्टड काढायला उलट्या आट्यांचा "इझी-आउट" दिला आहे. वापरू का? (रत्नागिरी)

उत्तर : तो परत देऊन या. पोलाद गंजून धरलं आहे म्हणूनच स्टड मोडला. आता त्याच्या पोटात ३ मिमीचं भोक पाडून त्याहून बारीक हत्यार पिळायचं म्हणजे ते हत्यार मोडणार. इझी-आउट इतका कडक पोलादाचा असतो की त्याच्यावर साधा ड्रिल चालत नाही. तो आत मोडला की हेड उतरवून स्पार्क इरोजन (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणं) करणाऱ्या कारखान्याकडे न्यावं लागतं.

स्टड पाच-सात मिलिमीटर जरी बाहेर असता तर सगळ्यांत सोपा उपाय वेल्डिंगचा होता. त्याच्यावर एक आकार मोठा नट ठेवायचा, नटाच्या भोकातून स्टडच्या माथ्यावर सीओ-टू वेल्डिंगने डाग द्यायचा, लाली गेली की पाना लावून हलकेच मागेपुढे करायचं. वेल्डिंगची उष्णता थेट स्टडच्या मुळापर्यंत जाते, म्हणून हा उपाय बहुतेक वेळा लागू पडतो. सपाट तुटलेल्या स्टडवरही कसलेला वेल्डर डाग चढवून उंची आणू शकतो, कारण वितळलेलं पोलाद ॲल्युमिनियमला सहसा धरत नाही. आधी असा वेल्डर शोधा. वेल्डिंग गाडीवरच होणार असेल तर टाकी उतरवा, बॅटरीची वायर सोडवा आणि सीडीआयचा (ठिणगी सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीचा) सॉकेट काढून ठेवा.

वेल्डर नसेल तर ड्रिल. यात सगळं काम मध्यबिंदूचं आहे. अर्धा मिलिमीटर सरकला की ड्रिल कडक स्टड सोडून मऊ ॲल्युमिनियममध्ये घुसतो आणि भोक लंबगोल होतं. हाताने नेम धरू नका. लेथवाल्याकडून एक लहान बुश करून घ्या, ज्याचा बाहेरचा व्यास फ्लँजच्या भोकात घट्ट बसेल आणि आतलं भोक बरोबर ३ मिमी असेल. जुनी फ्लँज शाबूत स्टडवर नटाने पक्की करा, तुटलेल्या स्टडवरच्या भोकात बुश बसवा आणि त्यातून ड्रिल करा. मध्य आपोआप मिळतो. पुढे बुश काढून ४ मिमी आणि मग ५ मिमी. वेग कमी ठेवा, तेल सोडत राहा. ५ मिमीनंतर उरतो तो फक्त आट्यांमधला स्टडचा पातळ वेटोळा. तो पोकरने (टोकदार सळईने) उचकटला तर निघतो. मग ६ मिमीचा, १ मिमी पिचचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हाताने फिरवून आटे साफ करा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, रॉकेल सोडत.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी विसरू नका. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा, म्हणजे व्हॉल्व्ह बंद राहतो. एक्झॉस्टच्या तोंडात कापडाचा बोळा घाला. बोळ्याला लांब शेपूट ठेवा, म्हणजे बसवताना तो आत राहणार नाही.

आटे गेलेच तर हेलिकॉइल लावा. ६ मिमीच्या हेलिकॉइलसाठी ६.३ मिमीचं भोक पाडून त्याचा खास टॅप मारतात आणि तारेची स्प्रिंग बसवतात. इथे १२ मिमी लांबीची घ्या, ९ ची नको. भोक मूळचंच वाकडं झालं असेल तर अर्गन वेल्डिंगने भरून नव्याने आटे पाडावे लागतात. त्यासाठी हेड उतरवावं लागेल. लेथवर हेडाकडे ८ मिमी आणि नटाकडे ६ मिमी असा पायरीचा स्टड करून घेण्याचाही मार्ग आहे, मात्र भोकाभोवती पुरेसं ॲल्युमिनियम शिल्लक आहे का हे आधी पाहा.

प्रश्न : यामाहा आरएक्स-१००, १९९३ ची. वर चढतच नाही, पन्नासच्या पुढे गेली की कोंडल्यासारखी होते. कार्बोरेटर दोनदा साफ केला. सायलेन्सर काढून काय पाहू? (कोल्हापूर)

उत्तर : लक्षण कार्बनचं आहे. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबर जळतं आणि त्यातलं न जळलेलं सायलेन्सरच्या थंड भागात, म्हणजे शेपटाच्या जाळीत, डांबरासारखं साठतं.

अख्खा सायलेन्सर उतरवण्याआधी जाळी काढून पाहा. ती शेवटच्या टोकाजवळ एका स्क्रूने धरलेली असते. स्क्रू काढून टोकाला ग्रिप पाना लावा आणि पिळत ओढा. नुसती ओढू नका, टोक तुटून हातात येतं. भोकं बुजलेली दिसली की आजार सापडला. जाळीला शोभेचं काम नाही, म्हणून ती टॉर्चने जाळून साफ केली तरी चालते. कार्बन स्वतःच लाल होऊन जळू लागला की ज्योत काढा, थंड झाल्यावर ब्रश मारा. हे मोकळ्या जागेत आणि वाऱ्याकडे पाठ करून करा. सायलेन्सरच्या क्रोमवर मात्र ज्योत नेऊ नका, जिथे तापेल तिथे निळं पडेल आणि ते जात नाही.

जाळी काढून गाडी चालवण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो घेऊ नका. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर धुराला नुसती वाट देत नाही. त्यातून परत फिरणारी दाबाची लाट बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये परत ढकलते. ते गणित बिघडलं की आवाज वाढतो आणि ओढ कमी होते.

सायलेन्सरचं पोट साफ करायला कॉस्टिक सोडा लागतो. सिलिंडरजवळची फ्लँज आणि मागचा बोल्ट सोडून सायलेन्सर उतरवा. पुढचं तोंड लाकडी बुचाने घट्ट बंद करा. एक लिटर थंड पाण्याला १०० ग्रॅम सोडा या हिशेबाने द्रावण करा. पाण्यात सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी कधीही ओतायचं नाही, ते उकळून अंगावर उडतं. रबरी हातमोजे आणि डोळ्यांना बंद चष्मा हवाच. भांडं प्लॅस्टिकचं घ्या. ॲल्युमिनियमचं भांडं कॉस्टिक खातो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन निघतो, त्यामुळे हे द्रावण इंजिनाच्या कुठल्याही भागाजवळ न्यायचं नाही. द्रावण भरून सायलेन्सर उभा करून एक दिवस ठेवा, लहान मुलं आणि जनावरं पोहोचणार नाहीत अशा जागी. मग ओतून चार-पाच पाण्यांनी धुवा आणि उन्हात वाळवा. बाहेरच्या रंगावर सांडलं तर रंग निघेल.

सायलेन्सर उतरलेलाच आहे तर सिलिंडरच्या तोंडातला कार्बनही काढा. किक हळू दाबून पिस्टन वर आणा, म्हणजे त्याची भिंत तोंड झाकते आणि खरवड आत जात नाही. बांबूची चपटी काडी वापरा, स्क्रूड्रायव्हर नको. पिस्टनवर उठलेला ओरखडा सिलिंडरवरही उठतो.

आणि मूळ कारणही बघा. या गाडीत तेलाचा वेगळा पंप आहे. तो जास्त तेल सोडत असेल तर कार्बन लवकरच परत येईल. थ्रॉटलच्या केबलचा खेळ आणि पंपावरची खूण जुळते का ते तपासा.

प्रश्न : येझदीच्या दोन्ही सायलेन्सरच्या रिंग नट निघत नाहीत. मेकॅनिकने छिन्नी मारून एका नटाचे दात उडवले. आता? (नाशिक)

उत्तर : छिन्नी लावली तिथेच काम बिघडलं. येझदीत आणि जुन्या जावात बेंड पाईप सिलिंडरला मोठ्या गोल नटाने धरलेला असतो आणि त्याला खाचेत बसणारा हुक पाना लागतो. बाजारात मिळाला नाही तर ६ मिमी जाड पट्टीतून नटाच्या गोलाईला बसेल असा कापून घ्या. त्याला हातभर दांडी हवी, म्हणजे जोर सावकाश आणि एकाच बाजूने जातो. छिन्नीचा झटका नटाला फिरवत नाही, खाच फाडतो आणि गोल नट लंबगोल करतो. लंबगोल झालेला नट आणखी घट्ट धरतो.

आटे सरळच आहेत. मात्र तोंडं पुढे असल्याने मागून वाकून काम करताना दिशेचा घोटाळा होतो. गाडीच्या पुढे बसा आणि नटाकडे तोंड करून घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवा. त्याआधी दोन्ही सायलेन्सरचे मागचे बोल्ट सैल करा. तसं केलं नाही तर पाईप वाकडा ताणलेला राहतो आणि नट तिरका दाबला जातो. दोन दिवस तेल, मग नटाला भोवतालून झटपट उष्णता. झटपट यासाठी की सिलिंडर तापण्याआधी नट फुगला पाहिजे.

दात उडालेला नट वाचवायला जाऊ नका. हॅक्सॉने त्याला आडवी चीर पाडा, आट्यांच्या अलीकडे थांबा आणि चिरेत चपटी छिन्नी घालून पिळा. नट उघडतो. नवा नट आणि नवं पॅकिंग मिळतं, सिलिंडरवरचे आटे मोलाचे आहेत. बसवताना आट्यांना कॉपर ग्रीस लावा. पहिल्या फेरीनंतर हे नट थोडे सैल होतातच, तेव्हा पुन्हा आवळा. सैल नट घेऊन फिरलात तर पाईप हलून सिलिंडरचे आटे घासतात.

प्रश्न : कास्ट आयर्न इंजिनाची जुनी बुलेट ३५०. थ्रॉटल सोडला की फटाके फुटतात. बेंड पाईप हाताने हलतो. नट कुठे आहे तेच सापडत नाही. (नागपूर)

उत्तर : हेडपाशी नट नाहीच. या इंजिनात बेंड पाईप हेडमध्ये दाबून बसवलेला असतो. त्याला जागेवर धरायचं काम खालचा फ्रेमजवळचा ब्रॅकेट आणि मागचा सायलेन्सर करतात. त्यामुळे हे बोल्ट सैल झाले की आधी हेडपाशी खेळ येतो. थ्रॉटल सोडल्यावर त्या फटीतून हवा आत ओढली जाते, न जळलेलं मिश्रण गरम पाईपमध्ये पेटतं आणि फटाका फुटतो. पाईप निळा पडायचंही ते एक कारण आहे.

काढताना सायलेन्सरचा क्लॅम्प आणि ब्रॅकेट सोडा, मग पाईपच्या बाकावर लाकडी हातोड्याने डावी-उजवीकडून हलके ठोके देत पुढे ओढा. जुन्या बुलेटवर इंची मापाचे नट-बोल्ट असतात. मिलिमीटरचा पाना "जवळपास" बसतो आणि नटाचे कोपरे खातो, तेव्हा इंची पाने मागून आणा.

पाईपचं टोक झिजलं असेल तर ०.१ ते ०.२ मिमीची तांब्याची पट्टी एक वेढा गुंडाळून, उष्णता सोसणारा सीलंट लावून घट्ट बसवा. टोक फाटलं असेल तर पाईप बदला. हेडला पाईप वेल्ड करून देणारे भेटतात. त्यांना हेडला हात लावू देऊ नका, पुढच्या वेळी हेड कापावं लागेल.

प्रश्न : सायलेन्सर आणि बेंड पाईप एकमेकांत गंजून अडकलेत. शिवाय सायलेन्सरला खालून भोक पडलं आहे. एक बारीक भोक आधीपासूनच होतं, तेही बुजवून घेऊ का? (म्हापसा)

उत्तर : आधी बारीक भोकाचं. ते कारखान्यातूनच आलेलं आहे, बुजवू नका. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. ते वाफेच्या रूपाने बाहेर जातं, पण सायलेन्सर पुरता तापण्याआधी गाडी बंद केली तर आतच साचतं. धुरातल्या आम्लांबरोबर ते पत्रा आतून खातं. घर ते बाजार असा दोन किलोमीटरचा रोजचा फेरा सायलेन्सरला लांबच्या प्रवासापेक्षा जास्त मारतो, आणि किनाऱ्यावरची खारी हवा बाहेरून हातभार लावते. ते भोक पाणी निथळायला आहे. तारेने साफ ठेवा.

अडकलेला जोड गाडीवर सोडवायला जाऊ नका. तिथे मारलेला प्रत्येक हिसका हेडच्या स्टडवर जातो. क्लॅम्प काढा, दोन्ही भाग एकत्रच उतरवा आणि जमिनीवर घ्या. बाहेरचा पाईप भोवतालून तापवा, आतल्या पाईपवर ओलं फडकं धरा, आणि पिळा. ओढणं नंतर. जोडाच्या चिरेत स्क्रूड्रायव्हर घालून ती किंचित उघडली तर मदत होते. सायलेन्सरच्या शेपटावर हातोडा मारू नका, आतले पडदे सुटतात आणि मग तो कायम खडखडत राहतो.

भोकासाठी भोवतालचा पत्रा बोटाने दाबून पाहा. दबत असेल तर ठिगळ टिकणार नाही, नवा घ्या. पक्का असेल तर १ ते १.२ मिमीच्या साध्या पत्र्याचं ठिगळ सीओ-टू वेल्डिंगने लावा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरू देऊ नका, त्याचा धूर वेल्डरच्या छातीत जातो.

प्रश्न : सायलेन्सर वेल्डिंगला गेला असताना दोन-तीन दिवस गाडी तशीच चालवू का? (पुणे)

उत्तर : नाही. गरम धूर आणि ज्वाळा थेट पायाजवळ, वायरिंगजवळ सुटतात, आणि कार्बोरेटरचं मिश्रण सायलेन्सर धरून बसवलेलं असल्याने इंजिन गरम चालतं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाज आणि धुराच्या उल्लंघनाला पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि परवानाही तीन महिन्यांसाठी जातो.

प्रश्न : नवा सायलेन्सर, नवं गॅस्केट, तरी हेडपाशी फट्-फट् आवाज आणि काळा डाग. नट आवळून आवळून फ्लँज वाकली. (बडोदा)

उत्तर : नट सोडा आणि सायलेन्सर पुन्हा उतरवा. हेडच्या तोंडात बोट फिरवून पाहा. जुनी तांब्याची रिंग तिथे चिकटून, कार्बनने काळी होऊन, हेडचाच भाग असल्यासारखी दिसते आणि नवी तिच्यावर बसवली जाते. दोन रिंगा कधीच नीट बसत नाहीत. जुनी पोकरने एका कडेला टोचून उचला. ती तंतुमय पॅकिंगची असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. पाण्याने भिजवून काढा, सुकी घासू नका, ग्राइंडर लावू नका.

वाकलेली फ्लँज सपाट लोखंडावर ठेवून सरळ करा आणि पट्टी आडवी धरून उजेड दिसतो का पाहा.

गळतीचं दुसरं कारण बसवण्याचा क्रम असतो. मागचा बोल्ट आधी घट्ट केला की पाईप पुढे तिरका बसतो, आणि तो तिरकेपणा काढायला सगळे स्टडवर जोर लावतात. आधी सगळे नट-बोल्ट फक्त बोटांनी चढवा. मग पुढचे दोन नट आळीपाळीने, अर्धा-अर्धा फेरा. मग मधला क्लॅम्प. मागचा बोल्ट सगळ्यांत शेवटी. त्याचं भोक जुळत नसेल तर सायलेन्सर ओढून जुळवू नका, वॉशर घाला किंवा ब्रॅकेट वाकवा. टॉर्क पाना असेल तर ६ मिमीला ८ ते १० न्यूटन-मीटर पुरे. आट्यांना कॉपर ग्रीस लावलं असेल तर त्याहून पाचव्या हिश्श्याने कमी, कारण ग्रीसमुळे तेवढ्याच जोरात स्टड जास्त ताणला जातो. लोखंडी नटांऐवजी लांब पितळी नट वापरा, ते स्टडला गंजून धरत नाहीत.

तपासणी थंड इंजिनावर करा. जोडावर साबणाचं पाणी सोडा आणि गाडी सुरू करून लगेच पाहा, बुडबुडे आले तिथे गळती आहे. शंभर किलोमीटरनंतर, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, दोन्ही नटांना एकदा पाना लावा. गॅस्केट दबल्यामुळे ते थोडे फिरतील. पाव फेऱ्याहून जास्त फिरत असतील तर गॅस्केट त्या गाडीच्या मापाचं नाही, जुनं सोबत नेऊन जाडी जुळवून आणा.